दहा पौंडांच्या आत

दवाखान्यातल्या दोन नंबरच्या खोलीत भिंतीवर एक कागद आहे. प्लास्टिकमध्ये गच्च बसवलेला, कोपरे पिवळे पडलेले. त्यावर ठळक अक्षरांत एवढंच: 'दहा पौंडांच्या आत.' खाली सही नाही.

*

माउंट नीबो चर्चमध्ये तिथले डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे वडीलधारे, एलायजा ग्रिंबॉल एका उन्हाळ्यातले सगळे रविवार मधोमध भोक असलेल्या रबरी चकतीवर बसले. वय एकाहत्तर. पोरांनी विचारलं की म्हणायचे, "प्रार्थना झाली की पोहायला जायचंय."

*

समुद्राकाठच्या हॉटेलात टॉवेल दुमडून हंस करतात आणि पाहुण्यांच्या पलंगावर ठेवतात. टॉवेल किंचित दमट असावा लागतो, नाहीतर हंस मान टाकतो.

*

राज्याच्या विधानसभेने एका वर्षीच्या अंदाजपत्रकातून एक ओळ खोडली. नवजात मुलांच्या सुंतेचा खर्च मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, देत असे. तो त्या ओळीत होता. त्याच दुपारी सभागृहाने एका पुलाला नाव दिलं.

*

दोन औंस पाण्याला भुकटीचा एक चमचा. दुधाच्या डब्यावर छापलेलं असतं. चमचा आतच असतो, बहुतेक वेळा तळाशी गेलेला.

*

डॉ. कोरीन मझीक शिकली ती मुलांच्या मूत्रपिंडांसाठी. मूत्रपिंडातून निघणारी नळी जिथे चिंचोळी असते तिथे ती कापायची आणि केसाहून बारीक दोऱ्याने पुन्हा जोडायची. एका आठवड्यात तिच्या गुरुवारच्या ऑपरेशनांच्या यादीत सात मुलं होती. पाच सुंता.

*

ती ओळ खोडली जाण्याआधी सुंता हा कोरीनच्या कामाचा भाग नव्हता. बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी प्रसूती करणारा डॉक्टरच सकाळच्या फेरीत ते उरकून टाकी. ओळ खोडल्यावर प्रसूतिगृहं रोख मागू लागली. ज्यांच्याकडे नोकरीतला विमा होता त्यांची मुलं पूर्वीसारखी करून घरी गेली. बाकीची तशीच गेली. पण तसंच राहू द्यावं असं इकडे कुणाच्या मनात येत नाही. बाप, काका, मामा, शाळेतला फुटबॉलचा मास्तर, सगळ्यांची झालेली असते, आणि त्याचा देवाधर्माशी कुणी फार संबंधही लावत नाही. केस कापतात तशी करतात. मग आया मुलं घेऊन कोरीनकडे येऊ लागल्या, तीन जिल्ह्यांतून.

तिने शुक्रवार काढून दिला. लहान मुलं, जागेवर सुई देऊन बधिर करायचं, फळीला पट्ट्यांनी बांधायचं, तोंडात साखरपाण्यात बुडवलेली चोखणी. पैसे आधी. शुक्रवार भरला, मग पुढचा भरला. महिन्याची रांग लागली, आणि रांगेत बाळं वाढत राहिली. दहा पौंडांपुढचं, म्हणजे साडेचार किलोंपुढचं, मूल फळीवर आवरत नाही, रक्तही जास्त जातं. त्याला सहा महिने थांबवायचं आणि मग ऑपरेशनच्या खोलीत, पूर्ण भूल देऊन करायचं. त्याचे पैसे मात्र मेडिकेड देतं. खोलीचे, भूल देणाऱ्या डॉक्टरचे, नर्सचे, सगळे. जन्माच्या दुसऱ्या दिवशी लागले असते त्याच्या कितीतरी पट. अट एकच. कातडी घट्ट आहे असं डॉक्टरने लिहायचं. सहा महिन्यांच्या मुलाची ती घट्टच असते, तशीच घडलेली असते. कोरीन लिहिते. खोटं नाही ते.

गुरुवार असा भरत गेला. मूत्रपिंडाची मुलं पुढच्या महिन्यात, मग त्याच्या पुढच्या महिन्यात ढकलली गेली. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांची गुरुवारबद्दल काहीच तक्रार नव्हती. ऑपरेशनची खोली भरलेली असली की ते खूश असत.

*

शवॉन ग्रिंबॉल सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी आली. बावीस वर्षांची, अंगावर हॉटेलच्या धुलाईखात्याचा करडा गणवेश, हातात गाडीतली बाळखुर्ची आणि तीत महिन्याचा झेवियन. झेवियनचा बाप शेजारच्या जॉर्जिया राज्यात रस्त्याच्या कामावर होता आणि फोन उचलण्याच्या बाबतीत फारसा पक्का नव्हता.

लर्लीन स्टोक्सने मुलाला काट्यावर ठेवलं. लर्लीन साठीची, गोरी, डोंगराकडची. कोरीनबरोबर अठरा वर्षं काम करणारी नर्स.

"नऊ पौंड एक औंस," लर्लीन म्हणाली. "काय गं, डुकराची चरबी पाजतेस काय याला?"

"दूधच," शवॉन हसली. "बाटली संपली की बाटलीकडे रागानं बघतो."

"पुरुष आहे. सवय करून घे."

पैसे अर्धेच होते. हॉटेलचा हंगाम सरला होता, शवॉनचे तास कापले होते, उरलेले तीन आठवड्यांनी जमणार होते. लर्लीनने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "दिवसाला औंस-औंस वाढतात ही. तीन आठवड्यांनी हा दहाच्या पलीकडे जाईल, पोरी."

तेवढ्यात कोरीन आत आली. सगळ्यांना सांगायची तेच तिने आधी सांगितलं. "करायलाच पाहिजे असं काही नाही. नीट धूत राहिलं तर तसंच ठेवून चालतं. निम्मं जग तसंच आहे."

"निम्मं जग माझ्या आजोबांशेजारी बसलं नव्हतं, डॉक्टर." शवॉनने त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली. म्हातारपणी सूज आली, पू झाला, कातडी मागे सरेना, लघवी होईना. शेवटी एकाहत्तराव्या वर्षी करावी लागली. "चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होतं. अजून त्यांच्याकडे बघून बायका हसतात. माझ्या पोराला नको ते."

"मग थोडं थांब. सहा महिन्यांचा झाला की झोपवून करू. तुला एक पैसा पडणार नाही."

"झोपवून नाही."

ती हे मोठ्याने म्हणाली नाही. लर्लीनचं च्युइंगगम चघळणं मात्र थांबलं.

"माझा भाऊ डेमंड," शवॉन म्हणाली. "चार वर्षांचा होता. दाढा किडल्या म्हणून नेला, झोपवला. आता तो मोठा बाप्या झालाय. आई त्याला चमच्यानं भरवते."

डॉक्टर सांगतात ते कोरीनने सांगितलं. आता यंत्रं वेगळी आहेत, आमच्याकडे फक्त मुलांनाच भूल देणारी माणसं आहेत. सगळं खरं होतं. शवॉनने ते सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

"हो मॅम. पण दहाच्या आत असला तर जागेवरची सुई ना?"

"दहाच्या आत असला तर."

"तीन आठवड्यांनीसुद्धा?"

"काट्यावर जे दिसेल ते."

आणि मग दाराच्या मुठीवर हात ठेवून कोरीनने शुक्रवारी प्रत्येक आईला म्हणायची ते म्हटलं. वर्षानुवर्षं म्हणत होती, आया हसत, वातावरण जरा सैल होई. "त्याला सांग, जरा दमानं वाढ म्हणावं."

शवॉन हसली. लर्लीनही हसली.

"सांगते," शवॉन म्हणाली.

*

ऑक्टोबरातला शुक्रवार. शवॉनने खिडकीवर उरलेले पैसे भरले. आज गणवेश नव्हता, चर्चला घालायचा निळा झगा होता.

"नऊ पौंड बारा औंस," लर्लीन म्हणाली. मुलाला उचलून पुन्हा ठेवलं. "नऊ बाराच. अगं, बसवलंस की दहाच्या आत."

"सांगितलं होतं त्याला," शवॉन म्हणाली. "माझं ऐकतो तो."

लर्लीनने मुलाला फळीवर बांधलं. पट्टी पायाला लागली की सगळी रडतात. बाहेरच्या खोलीतल्या आया त्या रडण्यावरून आपला नंबर ओळखतात. झेवियन रडला नाही.

"किती गं गुणी. याला चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवावं." लर्लीनने साखरपाण्यात बुडवलेली चोखणी त्याच्या तोंडात दिली. ती ओठावरून घसरली आणि गालाशी पडली. तिने पुन्हा दिली. पुन्हा पडली.

कोरीनने सुई भरली होती. एका हाताने तिने मुलाचा पाय धरला. पाय गार होता, बोटाखाली किंचित फुगीर. तिने सुई ताटलीत परत ठेवली आणि तळवा मुलाच्या टाळूवर टेकला. टाळू वर आली होती.

"शवॉन, हा काय पितो?"

"दूध."

"अंगावरचं?"

"डब्यातलं. कामावर जायला लागले तसं अंगावरचं गेलं."

"कसं कालवतेस?"

शवॉनने लर्लीनकडे पाहिलं. "पाण्यात."

"चमचे किती?"

"आधी दोन घालायचे. चार औंसांना दोन."

"आणि आता?"

"एक. या आठवड्यात कधी कधी अर्धा. पण बाटली भरून देते, डॉक्टर. सगळी संपवतो. एक दिवस उपाशी ठेवला नाही त्याला."

"भुकटी संपली होती का?"

"नाही मॅम. तुम्हीच म्हणाला होतात ना, दहाच्या आत."

मुलाची डावी पापणी फडफडली. मग ओठाचा कोपरा. मग पट्टीखालचा डावा हात ठेका धरल्यासारखा हलू लागला.

*

दवाखाना आणि मुलांचं रुग्णालय यांच्यामध्ये रस्त्यावरून एक काचेचा पूल आहे. स्ट्रेचरची वाट न बघता कोरीन मुलाला छातीशी धरून त्या पुलावरून गेली. फळीची एक पट्टी त्याच्या पायाला तशीच होती आणि तिचं टोक कोरीनच्या कोटाला घासत होतं. शवॉन मागून येत होती. निळ्या झग्याबरोबरचे बूट तिने कुठेतरी काढून टाकले होते.

पाणी जास्त झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदू सुजतो. उपाय साधा आहे, पण हळू करावा लागतो. शिरेतून मीठ, थोडं थोडं. घाईने दिलं तर तेही मेंदूलाच बाधतं. तीन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. पहिल्या रात्रीनंतर आकडी आली नाही. दुसऱ्या दिवशी तो बाटलीकडे रागाने बघू लागला.

त्या तीन दिवसांतला एकही खर्च मेडिकेडने नाकारला नाही.

असं मूल समोर आलं की डॉक्टरने बालसंरक्षण खात्याला कळवावं लागतं, तसा कायदा आहे. कोरीनने स्वतः फोन केला.

*

खात्याचा माणूस ओडम. निवृत्तीला आलेला, गुडघे दुखणारा, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. तो झेवियनच्या पाळण्याशेजारी खुर्ची ओढून बसला. कोरीन पायथ्याशी उभी होती. ओडमने एक गोळी शवॉनला दिली आणि दुसरीचा कागद सोडवायला घेतला.

"महिनाअखेर होती ना, पोरी?"

"नाही सर."

"सरकारकडून डबे महिन्याला मोजून मिळतात. शेवटी शेवटी पाणी वाढवतात बायका. मी दर आठवड्याला एक तरी बघतो. त्यात लाजायचं काही नाही. मी जादा डबे लावून देतो, एक नर्स घरी येऊन शिकवून जाईल, झालं. तुझाही डबा पुरला नसेल."

त्याने सुटकेचं दार सताड उघडून धरलं होतं. नुसतं आत यायचं होतं. कोरीनला ते दिसलं, आणि शवॉनलाही दिसलं असावं.

"माझ्या कपाटात तीन डबे आहेत," शवॉन म्हणाली. "सील न फोडलेले. माझं लेकरू दुधावाचून राहिलं असं कुणी म्हणू नये."

"मग पाणी का घातलंस?"

"वाढू नये म्हणून."

ओडमने अर्धी सोडवलेली गोळी पुन्हा कागदात गुंडाळली आणि खिशात टाकली.

बाहेर जिन्यापाशी तो कोरीनला म्हणाला, "डॉक्टर, डबा संपला हे एका ओळीत लिहून मी मोकळा होतो. आईनं मुद्दाम मूल वाढू दिलं नाही हे लिहिलं, की ते न्यायाधीशापुढे जातं. आणि मूल परक्याच्या घरी जातं. परत यायला वर्ष लागतं कधी कधी. कधी येतही नाही."

"तिनं मुद्दाम केलं, पण तसं नाही."

"'तसं नाही' लिहायला माझ्याकडे जागा नाही. सोमवारी बैठक आहे. तुम्ही या. अजून कुणाला काही माहीत असेल तर त्यांनाही आणा."

*

रुग्णालयाच्या कायदा विभागातला मुलगा. तरुण, पायांत बदकं विणलेले मोजे. "विचारतील तेवढंच सांगायचं. वजन, तारखा, काय दिसलं. गप्पाटप्पा नकोत."

"कसल्या गप्पाटप्पा?"

"दारात निघता निघता तुम्ही जे म्हणालात वगैरे. ती वैद्यकीय सूचना नव्हती. विनोद होता. विनोदाची नोंद कशाला?"

तो गेल्यावर कोरीनने लर्लीनकडे पाहिलं.

"मी सांगितलं त्याला," लर्लीन म्हणाली. "त्यानं विचारलं, मी सांगितलं. अठरा वर्षं ऐकतेय तुझा तो विनोद, विसरणार कशी? आणि तोंड असं करू नकोस. हसायला मीही होते."

"तू येशील सोमवारी?"

"मला बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तरी येईन, पार्किंगमध्ये बसेन."

*

बैठक जिल्हा कचेरीतल्या एका खोलीत झाली. खोलीत कॉफीची किटली होती आणि ती कुणी ओतून घेतली नाही. अध्यक्षस्थानी चष्मा साखळीला अडकवलेली एक बाई होती, शेजारी ओडम. शवॉनची आई डेमंडला सोडून येऊ शकत नव्हती. तिच्याऐवजी शवॉनचे आजोबा आले होते, डीकन एलायजा ग्रिंबॉल, काळ्या सुटात, टोपी मांडीवर. ते साध्या लाकडी खुर्चीवर बसले होते.

त्यांनी कोरीनला खालून वर पाहिलं. "तू वॉटर स्ट्रीटवरच्या मझीक न्हाव्याची पोर ना?"

"हो."

"माझा कान कापला होता त्यानं एकदा."

"सांगायचे ते."

"काय सांगायचा?"

"तुम्ही हललात असं."

"मी हललो नव्हतो," डीकन म्हणाले, आणि त्यावरचं बोलणं संपलं असं दाखवत समोर बघू लागले.

कोरीनने वजनं सांगितली, तारखा सांगितल्या. टाळू, पाय, आकडी. बदकांच्या मोज्यांचा मुलगा मागे बसून मान हलवत होता. मग साखळीच्या चष्म्याची बाई म्हणाली, "दहा पौंड. हा कायदा आहे?"

"नाही."

"विम्याचा नियम?"

"नाही. विमा त्या वयात काहीच देत नाही. कागद मी लावलाय. त्यामागे वैद्यकीय कारण आहे."

"आणि तुम्ही या आईला नेमकं काय सांगितलंत?"

मुलगा मागे खाकरला.

"दहाच्या आत असला तर जागेवर सुई देऊन करीन असं सांगितलं. तिला पूर्ण भूल नको होती. तिच्या भावाचं काय झालं ते तिने मला सांगितलं होतं. मूल वाढत होतं आणि तिच्याकडे पैसे तीन आठवड्यांनी येणार होते, हेही मला माहीत होतं. मग दारातून जाताना मी म्हणाले, त्याला सांग, जरा दमानं वाढ."

खोलीत कुणी हसलं नाही. कोरीनला वाटलं, हे वाक्य तिने आज पहिल्यांदाच ऐकलं.

"हे तुम्ही आणखी कुणाला म्हणालात?"

"सगळ्यांना."

बाईने चष्मा काढून साखळीवर सोडला. ओडमने काहीतरी लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

"मी बोलू का, बाई?" डीकन उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण त्यांना बसून बोलता येत नसे. "ही पोर माझ्या पायी हट्टाला पेटली. तर मी सांगतो. माझं जे झालं ते साखरेनं झालं. रक्तातल्या साखरेनं. डॉक्टर तेव्हाच म्हणाला होता, डीकन, साखर आवरली असती तर ही वेळ आली नसती. मी घरी काही बोललो नाही."

शवॉनने मान वळवली. "का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुझ्या आजीनं माझा गोड चहा बंद केला असता. कातडीवर ढकललं, सोपं होतं."

"अख्खा उन्हाळा तुम्ही त्या चकतीवर बसलात."

"चकती लागतच होती गं. दुखत होतं ते खरंच." त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "राहू दे त्याला आहे तसा. मोठा झाला की धुवायला शिकव. आणि चहा पाजू नकोस."

ओडम हसू पुसल्यासारखा तोंडावरून हात फिरवत होता. बाईने शवॉनला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का.

"डबे होते घरी," शवॉन म्हणाली. "ते लिहा."

ते लिहिलं गेलं. मूल आईकडेच राहील. तीन महिने खात्याची नर्स दर आठवड्याला येऊन वजन करील. दूध तिच्यासमोर कालवायचं. न्यायाधीशाकडे काही गेलं नाही.

*

पार्किंगमध्ये लर्लीन तिच्या गाडीत बसली होती, काच खाली करून. शवॉन झेवियनची खुर्ची आजोबांच्या जुन्या गाडीत बसवत होती. कोरीन जवळ गेली.

"तुम्ही गंमत केली होती," शवॉन तिच्याकडे न बघता म्हणाली.

"हो."

"गंमत आहे ते कळलं होतं मला. मी काही खुळी नाही. पण दहा तरी खरंच होतं ना?"

कोरीनला हो म्हणता आलं असतं. पहिल्या वर्षी अकरा पौंडांचं एक मूल फळीवर जोरात हललं होतं आणि बरंच रक्त गेलं होतं. दोन टाके घातले, संध्याकाळी ते घरी गेलं, आता ते ट्रंपेट वाजवतं. दुसऱ्या दिवशी तिने कागद लावला. नंतर आकडा वर करावा असं कधी कुणी म्हटलं नाही. तिनेही नाही, वरच्या मजल्याने तर नाहीच.

"मी शिकले तिथं बारा होतं," कोरीन म्हणाली.

शवॉनने खुर्चीचा पट्टा खटकन लावला. ओढून पाहिला. मग सैल करून पुन्हा लावला.

"बारा," ती म्हणाली, आणि गाडीचं दार लावून घेतलं.

*

रुग्णालयाने शुक्रवार बंद केला. फेरतपासणी होईपर्यंत, असं पत्रात होतं. कोरीनने उत्तर लिहिलं की शुक्रवार बंद करायची गरज नाही, आकडा बदलायची आणि पैसे हप्त्याने घ्यायची गरज आहे. तिला उत्तराबद्दल आभाराचं उत्तर आलं.

लर्लीनने नाण्याने खरवडून भिंतीवरचा कागद काढला. तिथे रंगाचा एक स्वच्छ चौकोन राहिला. "आता इथं काय लावू?" तिने विचारलं.

"काही नको."

"आया विचारतील, कितीपर्यंत."

"सांग, सहा महिन्यांनी या."

त्या आल्या. हिवाळा सरेपर्यंत गुरुवारची यादी दुसऱ्या पानावर गेली आणि वरच्या मजल्याने कोरीनला ऑपरेशनची आणखी एक खोली दिली. मुलं एकामागून एक आत जात, झोपत, उठत, रडत, घरी जात. प्रत्येकाच्या कागदावर कोरीन लिही की कातडी घट्ट आहे, आणि प्रत्येकाचे पैसे येत. मूत्रपिंडाची नळी चिंचोळी असलेल्या एका मुलीला मे महिन्यातली तारीख मिळाली. तिला ती डिसेंबरात हवी होती.

यादीत ग्रिंबॉल नाव कधी आलं नाही. जानेवारीत ओडमचा फोन आला. नर्सची शेवटची फेरी झाली होती, त्याने आकडा सांगितला, कोरीनने तो ऐकला आणि लिहून घेतला नाही.

"अंगानं चांगलाच भरलाय," ओडम म्हणाला. "म्हातारा त्याला मांडीवर घेऊन चहा पीत होता. बिनसाखरेचा, म्हणे."

"तुमचा विश्वास बसला?"

"माझ्या कागदावर त्यालाही जागा नाही."

*

ऑगस्टात झेवियन जन्मला तेव्हा तो आठ पौंडांना जरा कमी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसूतिगृहातल्या डॉक्टरने शेजारच्या खोलीतल्या मुलाची सुंता केली, हात धुतले, आणि तो शवॉनच्या दारावरून पुढच्या खोलीत गेला.